देवाच्या माथी

२ मार्च, सोमवार

"कुणी म्हणालं ना, की हे देवानं केलं, तर खुशाल सांग — आमचा देव असला नाही."

हे वाक्य मास्तरांचं. मी नऊ वर्षांची होते. धाकटा भाऊ तापानं गेला होता आणि जो तो येऊन म्हणत होता, देवाला आवडला, त्यानं नेला. मी पलंगाखाली शिरून बसले होते — मीही आवडले तर? रविवारच्या शाळेत शिकवणारे मास्तर गुडघे टेकून खाली डोकावले आणि एवढंच बोलले. मग म्हणाले, आता बाहेर ये बाई, माझे गुडघे दुखतायत.

आज त्याच मास्तरांना माती दिली. शनिवारी पहाटे झोपेतच हृदय थांबलं. मूत्रपिंडाचं दुखणं जुनंच, पण शुक्रवारचा रक्ताचा रिपोर्ट चांगला होता — आमच्याच लॅबचा. रक्त मीच काढलं होतं.

कबरीपाशी पाळक म्हणाले, ही प्रभूची इच्छा. सगळे आमेन म्हणाले. मीही.

४ मार्च, बुधवार

कोपऱ्यावरचा बेकरीवाला लॅबमध्ये भांडायला आला. शुक्रवारच्या तपासणीत त्याचं पोटॅशियम इतकं वाढलेलं निघालं की हॉस्पिटलनं त्याला घरून बोलावून घेतलं आणि दिवसभर छातीला तारा लावून ठेवलं. पुन्हा रक्त काढलं तर सगळं ठीक! "ताई, तीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे, काही झालं नाही. तुमच्या कागदानं मात्र मेलो असतो." सगळे हसले. मोठे डॉक्टर म्हणाले, मशिनचा दोष असेल.

मीही हसले. मग हात धुवायला गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. शुक्रवारी आधी मास्तर आले होते. त्यांच्या मागोमाग बेकरीवाला.

नियम असा: आधी रक्त काढायचं, मग पेशंटला नाव विचारून त्याच्यासमोर नळीला लेबल लावायचं. गर्दी असली की मी लेबलं आधीच लावते आणि नळ्या स्टँडमध्ये उभ्या करून ठेवते. अकरा वर्षं असंच करतेय. शुक्रवारी मास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, सुई टोचताना अजून जीभ बाहेर काढतेस की, चित्र रंगवताना काढायचीस तशी! मी हसत हसत हात मागे केला आणि नळी उचलली. नाव वाचलं नाही. उरलेली नळी बेकरीवाल्याला.

वाढलेलं पोटॅशियम मास्तरांचं होतं. मूत्रपिंड अधू असलं की ते वाढतं, आणि हृदय थांबवतं. वेळेत कळलं असतं तर त्यावर इलाज होता. साधा इलाज.

५ मार्च, गुरुवार

आज प्रत्येक नाव दोनदा वाचलं. आता!

७ मार्च, शनिवार

घरी ह्यांना सांगितलं. हे इस्त्री करत होते. ऐकता ऐकता शर्टाची बाही तीनदा फिरवली. मग विचारलं, अजून कुणाला माहीत आहे? कुणाला नाही, म्हटलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

मग म्हणाले, "मास्तरीणबाईंना जरा शांती मिळालीय. ती काढून घेणार तू? स्वतःला हलकं वाटावं म्हणून?"

हे दुष्टपणे बोलले नाहीत. म्हणूनच इतकं लागलं. खरंच मला सांगायचंय, की फक्त ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचंय?

८ मार्च, रविवार

उपासनेत मास्तरीणबाई माझ्याच बाकावर येऊन बसल्या. माझा हात हातात घेतला — तोच, उजवा. पाळकांनी सांगितलं, पुढच्या रविवारी मास्तरांच्या स्मरणार्थ उपासना आहे आणि बाई साक्ष देतील, देवानं काय केलं ते सगळ्यांपुढे सांगतील. बाहेर पडताना बायकांनी घेरलं तर बाई प्रत्येकीला तेच सांगत होत्या: देवानं दिलं, देवानं नेलं, देव चुकत नाही. एका दमात. पाठ केल्यासारखं.

पायऱ्यांवर उभी राहून ऐकत होते. माझं पाप मंडळीनं उचलून देवाच्या माथी मारलं आहे, आणि देव ऐकून घेतोय. बिचारा म्हणावंसं वाटलं. त्याच्या पोराला माणसांनीच खिळे ठोकले होते, आणि आम्ही म्हणतो हीच त्याची इच्छा होती. बायबलातच आहे, मित्राच्या कबरीपाशी प्रभू रडला होता. जे स्वतःच्या मनासारखं झालं त्यावर कुणी रडतं का?

मग मी "आमेन" का म्हणाले? कारण सोयीचं होतं.

१० मार्च, मंगळवार

पाळकांकडे गेले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. खुर्चीवरची पुस्तकं उचलून मला जागा केली. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ताई, तुम्ही कबूल केलंत, प्रभूनं क्षमा केली. देव वाइटातूनही चांगलं घडवतो.

"म्हणजे लेबल देवानं बदललं?"

 खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं; त्यांनी उठून खिडकी लावली. मग म्हणाले, "नाही. तसं नाही. खरं सांगू? मला माहीत नाही, ताई. कबरीपाशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात. काहीतरी म्हणावंच लागतं."

पहिल्यांदाच हा माणूस मला आवडला. आम्ही प्रार्थना केली. त्यांना शब्द सुचेनात आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण बाईंना सांगा की नका सांगू, ते काही बोलले नाहीत.

११ मार्च, बुधवार

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन बंद करून खिशाला लावलं. बेकरीवाल्याचा कागद मशिनचा दोष म्हणून फाइल झालाय. मास्तरांच्या घरून कुणाची तक्रार आली आहे का? नाही. "मग तुम्ही कशाला उकरून काढताय? कामाला लागा."

लागले. शेजारच्या खुर्चीवर बसणारी माझी जोडीदारीण लेबल लावलेल्या नळ्या ओळीनं स्टँडमध्ये उभ्या करत होती. चौदा नळ्या. म्हटलं, असं नको करूस. ती म्हणाली, अहो, तुम्हीच तर शिकवलंत!

१३ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

दुपारी गेले. बाई मास्तरांचे चष्मे टेबलावर मांडून बसल्या होत्या, कुणाला देता येतील का म्हणून. मी बसलेच नाही. उभ्यानंच सांगितलं — लेबलं, स्टँड, बेकरीवाला, सगळं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, कारण मी रडले असते तर त्यांनाच मला थोपटावं लागलं असतं.

मला वाटलं, ओरडतील. हाकलून देतील. बाईंनी एक चष्मा घडी करून ठेवला आणि विचारलं, "म्हणजे तो रिपोर्ट खोटा होता?"

हो, म्हटलं.

"शुक्रवारी संध्याकाळी ते म्हणाले, हात जड झालेत, छातीत कसंतरी होतंय, आपण हॉस्पिटलात जाऊ या. मी कागद काढून त्यांना वाचून दाखवला. म्हटलं, सगळं ठीक आहे, उगाच नाटकं नकोत, झोपा."

पुढचं त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. देवानं नेलं, देवानं नेलं असं मी सारखं म्हणत होते. थांबले की ते "नाटकं नकोत" ऐकू यायचं. देवानं नेलं नसेल तर मग मीच अडवलं ना त्यांना?

आणि मी! शांती, शांती म्हणून जिला जपत होते ती ही. चौदा दिवस माझा गुन्हा ही बाई एकटी भोगत होती, माझ्या शेजारी बसून, माझा हात धरून.

मी म्हटलं, बाई, तुम्ही कागदावर विश्वास ठेवलात. कागद माझा होता.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा तू आता."

१४ मार्च, शनिवार

सकाळी बाईंचा निरोप आला. चार ओळी. मला क्षमा केली आहे. त्यांना रात्री झोप लागली. उद्याच्या साक्षीत माझं नाव येणार नाही. विषय इथेच संपला, पुन्हा काढायचा नाही.

तासभर मी स्वयंपाकघरात बसून रडले. सुटले, सुटले! मग कामावर गेले. स्टँडमध्ये एकोणीस नळ्या, लेबलं लावलेल्या.

दुपारी घरी येऊन तक्रार लिहिली. लॅबविरुद्ध, आणि त्यात माझं पूर्ण नाव, माझी खुर्ची, माझी अकरा वर्षं. मास्तरांच्या घरच्यांनी केल्याशिवाय चौकशी होणार नाही, म्हणून अर्जदार म्हणून बाईंचं नाव. खाली जागा मोकळी ठेवली आहे. ह्यांनी वाचलं आणि माझ्यासाठी पेन शोधून दिलं.

आता निघते. बाई नाहीच म्हणतील. म्हणतील, क्षमा केली म्हटल्यावर आता हे काय? तरी विचारणार: बाई, क्षमा तुमच्याजवळच असू द्या. आधी माझ्याविरुद्ध इथे सही करा.