सरकीला विंचरताना

१२ एप्रिल

घर मिळालं एकदाचं! मनीषनगरात, इंदुताईंच्या घराचा वरचा मजला. एकट्या, घटस्फोट झालेल्या पुरुषाला घर देताना लोक इतक्या चौकशा करतात, की माझं लग्न ठरवताना कुणी तेवढ्या केल्या असत्या तर घटस्फोटाची वेळच आली नसती. इंदुताईंनी मात्र एकच विचारलं, सशाचं कधी केलं आहे का. त्यांची एक सशीण आहे, लांब केसांची, राखाडी, नाव सरकी. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून वरच्या भाडेकरूनं तिला सांभाळावं, रोज विंचरावं, एवढी एकच अट. “सरकीले रोज विंचरून देत जा, जितेंद्रभाऊ. तुमाले बी बरं वाटन,” म्हणाल्या. बाई मोठी प्रसन्न आहे. सारखी हसते.

मी लगेच हो म्हटलं, ते रितिकासाठी. कोर्टानं निम्म्या मे महिन्यापुरती मुलगी माझ्या पदरात टाकली आहे, उपकार केल्यासारखी. तिची आई मयुरा तिला सतरा मेला नाशिकहून स्वतः आणून सोडणार. नऊ वर्षांच्या मुलीला बापाच्या रिकाम्या घरात काय करमणार, या काळजीत होतो. संध्याकाळी फोनवर ससा म्हणताच अशी किंचाळली की माझा कान बधिर झाला. फार दिवसांनी मी मोठ्यानं हसलो.

१५ एप्रिल

शिकलो बुवा. सशाला आंघोळ घालायची नसते, धसक्यानं जीव जातो. कातडी पातळ, म्हणून केस ओढायचे नाहीत. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर सरकी. आधी ओल्या हातानं पाठ चोळायची, सुटलेले केस तळव्याला चिकटून येतात. मग बारीक दातांचा कंगवा, केसांच्या कलानं. कानामागे आणि पोटाखाली गाठी होतात, तिथे बोटांनी सोडवत बसायचं. हे रोज केलं नाही तर ती स्वतःला चाटते, केस गिळते, आणि सशाला ओकता येत नाही. पोटात गोळा झाला की संपलं.

उन्हाळा लागला की ससे झडतात म्हणे. पण हे झडणं आहे की कापसाचा कारखाना? केस वरणात, केस इस्त्रीच्या शर्टावर, केस कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांत. मौद्याला ऑफिसात सगळे विचारतात, मेंढ्या पाळल्या का. स्टोअर्स खात्यात आयुष्य काढलेला मी, घरी येऊन चिकटपट्टीनं सोफा साफ करतो. वाईट मात्र वाटत नाही. विंचरून उठलो की डोकं हलकं होतं.

२० एप्रिल

आज विंचरताना नेहमीप्रमाणे कोर्टाचा विचार चालला होता. कंगव्यातून जो पुंजका निघाला त्याला वास होता. फिनेल, जुने कागद, वकिलाच्या काळ्या कोटातला घाम. कोर्टाच्या व्हरांड्याचाच वास. मला हसू आलं, पुंजका कचऱ्यात टाकला.

नंतर चहा पिताना ध्यानात आलं, मयुराचा वकील मला भर कोर्टात जे म्हणाला होता ते आठवतच नाही. दोन वर्षं त्या एका वाक्यानं माझी झोप उडवली होती, आणि आता तिथे काहीच नाही. त्याचा चेहराही नाही. छातीवरचं ओझं गेलं. सरकीला पपईची जास्तीची फोड दिली.

२४ एप्रिल

मुद्दाम करून पाहिलं. कंगवा घेतला आणि मयुराचं भांडण आठवलं, ती कपाट उघडून माझे कपडे बाहेर फेकत होती ते. पुंजक्याला डांबराच्या गोळ्यांचा वास आला. काय फेकलं, का फेकलं, आता सांगता येणार नाही. ते भांडण झालं हे मी इथे लिहिलं आहे म्हणूनच ठाऊक.

न्यायाधीशाला जमलं नाही ते एका सशिणीनं केलं. आता रोज एकेक काढीन. तिची आई, तिचे टोमणे, तिचं ते थंड ‘बरं’. बाईनं माझी इतकी वर्षं खाल्ली, मी तिला डोक्यात फुकट का ठेवून घेऊ? सतरा तारखेला ती दारात उभी राहील तेव्हा मला तिचा रागसुद्धा येणार नाही. यापेक्षा मोठा सूड कोणता?

२९ एप्रिल

खाली इंदुताईंचा मुलगा ऋषिकेश आला होता, बंगलोरहून. आईसाठी साडी घेऊन. मी पाण्याची मोटर बंद करायला उतरलो, तेव्हा तो सोफ्यावर मान खाली घालून बसला होता. इंदुताईंनी मला कौतुकानं विचारलं, “कोनाचा पोरगा हाय जी हा? लय गोड बोलून राहिला.” आणि हसल्या, त्याच त्या प्रसन्न हसण्यानं.

जिन्यात ऋषिकेशनं सांगितलं, बाबा गेले तेव्हा आई फार रडायची, म्हणून त्यानंच ससा आणून दिला. रोज विंचरत बसायची. महिनाभरात रडणं थांबलं. मग बाबांचं नाव थांबलं. डॉक्टर म्हणतात वयामुळे. त्याचे डोळे भरले होते. मी काहीबाही बोललो आणि वर आलो. सरकी कान पाडून माझी वाट बघत होती.

वयामुळेच असेल. माझं तर मी ठरवून काढतो आहे, नको ते तेवढंच.

३ मे

कानामागे मोठी गाठ झाली होती. सुटेना, शेवटी कात्रीनं कापली. मनात मयुराचं माहेर चाललं होतं. गाठीला डेटॉलचा वास आला आणि दुधाचा.

संध्याकाळी रितिका फोनवर म्हणाली, बाबा, मी झाले तेव्हाची गोष्ट सांगा ना. ही तिची आवडती गोष्ट म्हणे, मी नेहमी सांगतो. मी तोंड उघडलं. काहीच नाही. कुठलं गाव, दिवस की रात्र, पहिल्यांदा कुणी माझ्या हातात दिली, काही नाही. नेटवर्क नाही असं खोटंच सांगून फोन ठेवला.

अर्थात. त्या खोलीत मयुरा होती ना. रितिकाच्या प्रत्येक आठवणीत कुठे ना कुठे ती आहेच. गाठ कापताना एकीचे केस वेगळे, दुसरीचे वेगळे, असं कसं होणार! मी कसला हुशार, कसला सूड घेणारा. कचऱ्याची गाडी ती गाठ घेऊन केव्हाच गेली होती.

६ मे

कंगवा बंद. तीन दिवस हात लावलेला नाही. केस तरीही झडतात. कूलर लावला की खोलीभर उडतात, आणि प्रत्येकाला कसला ना कसला वास. कूलर बंद करून या उन्हाळ्यात बसलो आहे. फरशीवरून एकेक वेचतो, पिशवीत भरतो, हुंगतो. वास येतो, पण कशाचा ते कळत नाही. परत काही येत नाही.

चिखलदऱ्याचा फोटो आहे मोबाइलमध्ये. रितिका माझ्या खांद्यावर बसली आहे. मी तिथे कधी गेलो होतो?

९ मे

ती चाटते. दिवसभर स्वतःला चाटते आणि गिळते. लेंड्या केसांनी एकमेकींत ओवलेल्या पडतात. आज सकाळी रितिकाचा आवाज आठवून पाहिला, आठवला नाही. फोन केल्यावर ऐकला. ठेवल्यावर पुन्हा गेला.

खाली जाऊन इंदुताईंना म्हटलं, तुमचा ससा परत घ्या. त्या म्हणाल्या, “माह्या घरी कुठचा ससा जी?” आणि दार लावून आतून कडी घातली.

कुणाला सांगू? मयुराला? ती वाटच बघते आहे माझं डोकं फिरल्याचं ऐकायची. पोरगी पाठवणारच नाही मग.

११ मे

सरकीनं खाणं सोडलं. डॉक्टरांकडे नेली. पोट चाचपून म्हणाले, केसांचा गोळा होतो आहे, अजून सुटेल. औषध, पाणी, गवत, आणि सुटलेला प्रत्येक केस रोजच्या रोज काढायचा. हयगय केलीत तर जगणार नाही.

मेली तर मरू दे. मरू दे.

१२ मे

रितिकाला कळलं. मीच बोलून गेलो. इतकी रडली — श्वास लागला तिला. बाबा, तुम्ही विंचरत का नाही, ती मरेल ना, मी यायच्या आधीच मरेल. शपथ घ्या. माझी शपथ घ्या.

मी काय सांगणार होतो तिला?

घेतली.

१३ मे

विंचरताना मोठ्यानं स्टोअर्सची यादी म्हणतो. नट, बोल्ट, वॉशर, व्हॉल्व्ह, गॅस्केट. दुसरं काही मनात आणायचं नाही. पण हात कुणासाठी चालतो आहे? तिला शब्द दिला म्हणून. तिला दिलेला शब्द पाळायचा आणि तिचा विचार करायचा नाही — कसं जमतं हे? कुणाला जमलं आहे?

पुंजक्याला घामोळ्याच्या पावडरचा वास आला. मी तो तोंडात कोंबला. घशात अडकला, ओकारी आली. परत काही नाही आलं.

१४ मे

व्हॉल्व्ह. गॅस्केट. बॉलपेनची शाई, नवी वही. पावसात भिजलेलं दप्तर. शेवयांची खीर. कुणाचं हे — माझंच असणार —

सरकी खायला लागली.

१५ मे

फोनवर एक मुलगी होती. बाबा म्हणत होती. मी हो हो केलं. ठेवल्यावर मागची पानं वाचली. रितिका. प्रत्येक पानावर आहे. अक्षर माझं. वाचतो आणि —

दुसऱ्या कुणाच्या घरची हकीकत वाटते. रडायला हवं. येत नाही. भीती तेवढी वाटते, कशाची ते —

१६ मे

विंचरलं. शपथ आहे. कुणाची तरी.

डोकं फार हलकं.

१७ मे, दुपार

त्या आल्या आहेत. बाहेर बसल्या आहेत. पाणी आणतो सांगून स्वयंपाकघरात आलो, वही इथेच होती.

दार उघडलं तेव्हा मुलगी गळ्यात पडायला धावली आणि मी मागे सरकलो. मी म्हणालो, कोण हवं आपल्याला? ती हसली. मी थट्टा करतो आहे असं वाटलं तिला. बाई हसली नाही.

आत येऊन वाचून काढलं सगळं. बाई मयुरा. मुलगी रितिका. बाहेर गेलो, म्हणालो, ये रितिका. तिचं हसू तिथेच थांबलं. म्हणाली, रितिका नाही म्हणायचं. तुम्ही मला कधीच रितिका म्हणत नाही. आपलं नाव म्हणा. मी पुन्हा म्हटलं, पाणी आणतो.

आपलं नाव. मी तिला काहीतरी म्हणत असणार. रोज म्हणत असणार. पानं उलटतो आहे — बारा एप्रिल, पंधरा, वीस — सगळीकडे रितिका. ते कुठेच लिहिलेलं नाही. विसरेन असं वाटलंच नसणार, कोण लिहून ठेवतं —

बाहेर रडणं. बाई म्हणते, चल, चल इथून. बॅगेची चाकं. दार —

थांबवायला हवं. हाक मारली की थांबेल. छोटं नाव असेल. दोन अक्षरी असेल. तोंडात येतं आहे, येतं आहे, नुसतं एक —