उद्या सगळ्यांनी ऐकलं तर

बाबा, काल डिचोलीच्या बाजारातल्या मांडवात मी तुमचं घुमट वाजवलं. मडकं तुमचंच, कातडं मात्र आता बकऱ्याचं. पूर्वी घोरपडीचं असायचं, तिला कायद्याने अभय मिळालं. सोबत आमच्या छोट्या बँडची गिटार, ड्रम आणि आम्हीच बांधलेलं कोंकणी गाणं. पण कालचं सांगायचं तर आधी स्वयंपाकघरातली ती दुपार सांगायला हवी.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची चतुर्थी. मैत्रिणीकडून आणलेली इंग्रजी गाण्यांची कॅसेट टेपवर लावून मी चुलीपाशी, कातडं ताणलं जावं म्हणून, आरतीच्या घुमटांना ऊब देते आहे. मुलींच्या वाट्याला तेवढंच, वाजवायचं पुरुषांनी. खाणीच्या वर्कशॉपमधून तुम्ही येता, पायांना तांबडा चिखल, आणि दारातच थबकता.

"कितें गो हें? पत्र्यांचें घर कोसळ्ळें शें दिसता."

"अल्टरनेटिव्ह म्युझिक, बाबा."

"म्हणजे कितें?"

"सगळीं आयकतात ताचेपरस वेगळें."

"आनी फाल्यां सगळ्यांनीच आयकलें जाल्यार?"

तुम्ही हसलात, ऊब घेतलेलं एक घुमट उचलून कॅसेटबरोबर वाजवायला माझ्या मांडीवर ठेवलंत. "वाजय पळोवया ताचे वांगडा."

वाजवलं. उद्या सगळ्यांनीच ऐकलं तर, हा प्रश्न मात्र राहिला. बँकेतल्या नोकरीच्या इतक्या वर्षांत मी कितीतरी व्याख्या करून पाहिल्या. खरखरती गिटार म्हणावी, तर ती सिनेमाच्या गाण्यांतही आली. छोट्या कंपन्यांचं संगीत म्हणावं, तर त्या मोठ्यांनी विकत घेतल्या. उदास शब्द म्हणावेत, तर आपली भजनं काय कमी उदास आहेत? तुमच्या प्रश्नापुढे एकही टिकेना.

काल मांडवाचा कार्यकर्ता धावत आला. "ताय, पयलीं एक हिंदी गाणें मारात, ना जाल्यार लोक उठून वतले." मला तुम्ही आठवलात. एका वर्षी घुमट-आरतीच्या स्पर्धेत आयोजकांनी आरती सिनेमाच्या चालीवर म्हणायला सांगितलं, तेव्हा घुमट गळ्यात तसंच ठेवून तुम्ही घरी आलात आणि अंगणात आपल्या चालीवर वाजवत बसलात.

"वचूंदी," मी म्हटलं.

कोणी गेलं नाही, बाबा! दुसऱ्या कडव्याला पुढच्या बायका मांडीवर ताल धरू लागल्या, तिसऱ्याला मागचे रिक्षावाले उभे राहिले, आणि गाणं संपल्यावर तोच कार्यकर्ता ओरडला, "परत एकदां!" सगळ्यांनी ऐकलं, आणि तरी ते तेच राहिलं. म्हणजे थोडे लोक ऐकतात म्हणून ते वेगळं नसतं. ऐकणारे किती हे न बघता बांधलेलं असतं, म्हणून ते वेगळं. ही व्याख्याही अपुरी असेल. लोकांना तुच्छ लेखणाऱ्यांची ती आयती सोय होईल, अशी शंका मला आताही येते आहे. पण काल ती भर मांडवात उभी राहिली.

तुम्ही गेल्यावर या कागदाला पत्ता उरला नाही; घुमटाच्या पिशवीत ठेवते. एवढंच कबूल करते, की ऐकणारे किती हे मी खरंच बघितलं नाही. दुसऱ्यांदा वाजवताना मी फक्त एकाला शोधत होते.