नवमी नको, पुनव बरी

२२ जानेवारी, गुरुवार

भिंतीवरच्या कॅलेंडरची वाट लावली पोरीनं! म्हशीच्या तारखा मी लिहिलेल्या, त्याच्यावर हिनं पेन्सिलीनं बाण काढले. रोज दोन बाण वर, दोन खाली. इचारलं तर म्हणती, "आजी, ती भरती-ओहोटी." ओतुरात कुठनं आली भरती? नळाला दिसातनं एकदा पाणी येतंय, ते बी धड न्हाई.

गोरखनं लेकीला डोक्यावर बसवली त्याची ही फळं. माझाच लेक, काय बोलायचं. अश्विनी तिकडं मांडव्याला, शिडाच्या होड्या शिकवायच्या शाळंत कामाला. आमच्या सात पिढ्यांत कुणी धरणाच्या पल्याड पाणी बघितलं न्हाई!

आता म्हणती, एक होडी मांडव्याहनं हर्णैला न्यायची. ती आन संगं दुसरी एक बाई. तीन दिस. नीट पोचवली तर शाळंचा मालक कायमची नोकरी देणार. चार दिस रजा काढून तेवढ्यासाठी आली — बापाची परवानगी पायजे. बाप म्हणतो, "आजीला इचार." माझ्या पदरात टाकून मोकळा.

२३ जानेवारी, शुक्रवार

परात आणली, पाणी भरलं, भुईमुगाचं टरफल सोडलं. परात हालवून दाखवती — पाणी हिकडं आलं की भरती, तिकडं गेलं की ओहोटी. म्हणलं, परात तू हालवती. समुद्राची कोण हालवतं? तर म्हणे चंद्र! चंद्राला हात हायत व्हय?

धरणाचं मला कळतं. दार उघडलं, आवर्तन सुटलं, पाणी खाली गेलं. समुद्राला दार न्हाई, पाटकरी न्हाई, तरी पाणी जातं आन यीतं. जातं कुठं? त्ये तिनं सांगितलं न्हाई. का सांगितलं आन मला कळलं न्हाई.

परात तशीच टाकून गेली. घासली मी.

२४ जानेवारी, शनिवार

मंगळवारी निघणार म्हणती. २७ तारीख. बघितलं — नवमी! रिक्ता तिथी. नवमीला घरातनं भांडं बी हालवत न्हाई आमी, आन ही होडी हालवणार. म्हणलं, न्हाई. पुढल्या रविवारी पुनव हाय. भरला चंद्र, भरला दिस. पुनवेला जा.

पोरीनं कॅलेंडरावरच्या बाणांवर बोट ठेवलं. "आजी, पुनवेला उधाण असतं. नवमीला भांग असतो, पाणी कमी पळतं. हर्णैच्या खाडीच्या तोंडाला पाण्याखाली वाळूचा दांडा हाय, उधाणाची ओहोटी तिथं लाटा उभ्या करती."

भांग तर मी डोक्यात पाडते! म्हणलं, पाणी जास्त आसंल तर होडी चांगलीच चालंल की. कमी पाण्यात रुतती, जास्तीत तरती. धरणावर डोळ्यांनी बघितलंय.

"तसं न्हाई गं आजी —"

तसं न्हाई तर कसं? मी आण घातली. माझ्या गळ्याची आण, पुनवंच्या आत होडी हालली तर माझं मेलेलं तोंड बघशील. बोलले आन जेवायला बसले.

ती जेवली न्हाई.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. अंगणात दूध उतू घातलं. अश्विनी पाया पडली, एसटीला गेली. गोरख म्हणला, "आई, तू बी ना!" म्हणलं, परवानगी मला का इचारायला लावली मग?

२७ जानेवारी, मंगळवार

नवमी. काय झालं न्हाई. चुलीवरचं दूध तेवढं करपलं.

२९ जानेवारी, गुरुवार

बाजारात लंकाबाई भेटली. सुकट इकती ती. माहेर श्रीवर्धनाकडचं, लगीन होऊन घाटावर आली. सहज इचारलं, नात शिडाची होडी खाडीतनं नेणार हाय, पुनवेला बरं ना? तिचा तराजू तसाच हातात राहिला.

"लहान शिडाची? आन खाडीतनं? म्हातारे, नातीला मारायला निघालीस काय?"

"चंद्र भरलेला आसतो की."

"चंद्र भरला म्हंजी पाणी बी पिसाळतं! माझा बाप पुनवेला जाळी शिवत बसायचा."

सुकट न घेताच आले. म्हंजी पोरीनं खरं सांगितलं व्हतं. मग तिनं वरडून का सांगितलं न्हाई? का वरडली व्हती आन मी जेवत व्हते? काय कळंना.

अश्विनीला फोन लावला. उचलंना. गोरख कांदा घेऊन मंचरला, त्याचा बी लागंना.

३० जानेवारी, शुक्रवार

लागला! म्हणलं, आण सुटली, सुटली, सुटली! जा बाई, कवा जायचं तवा जा.

मग म्हणली, "आजी, भांगाचे दिस गेले. पुढचा भांग यायला आठवडा वर जाईल. मालक म्हणतो, रविवारी निघा न्हाईतर होडी दुसऱ्याला देतो."

"म्हणलीस न्हाईस का त्याला, आजीनं आण घातली म्हणून?"

"काय सांगू? हसंल तो."

मग तीच मला इचारती, "सांग ना आजी, रविवारी जाऊ का?"

मला इचारती! जा म्हणावं तर लंकाबाईचा तराजू डोळ्यापुढं. नको म्हणावं तर नोकरी जाती. पुनव मीच काढली व्हती ना शोधून. आता पुनव बी माझी आन नवमी बी माझी.

म्हणलं, "नको जाऊ."

"बरं," म्हणली. फोन ठेवला. ह्या 'बरं'चा अर्थ काय? गोरखला इचारलं, त्यो म्हणतो, "ती तुझ्यावर गेलीया, तूच ओळख."

३१ जानेवारी, शनिवार

फोन न्हाई. गेली का ऱ्हायली?

१ फेब्रुवारी, रविवार. पुनव

सकाळच्या एसटीनं दारात उभी, पाठीवर बोचकं. होडी दुसऱ्यानं नेली. मालकाला सांगून आली — "दिस मी चुकीचा धरला." माझं नाव घेतलं न्हाई. सगळं आपल्या अंगावर घेतलं येडीनं!

फोन वाजतोय तिचा. मालक हाय म्हणती. कुणी हात लावायचा न्हाई. अश्विनीनं तर तोंडच उघडायचं न्हाई. आण आता हीच. द्या हिकडं — जबाब मी देणार.