चाळणीची खोली आत्याकडे

माझ्या आधीच्या मृत्युपत्राच्या तिसऱ्या कलमात मी लिहिले होते की टाइल कारखान्याकडून डिंकाचे पिंप परत आले ते आत्याच्या निष्काळजीपणामुळे. ते चूक आहे. ते मृत्युपत्र रद्द समजावे आणि हे खरे धरावे. मी शुद्धीवर व निरोगी आहे, माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आत्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. माझे एक तिला द्यायचे मी ठरवले आहे, म्हणून या वयात ही लिखापढी. तिने अजून होकार दिलेला नाही.

१. वडिलांनी माझ्या नावे ठेवलेल्या कारखान्यात आम्ही सेल्युलोजची पूड भिजवून डिंक करतो. कागद गिरणी तो लेप गुळगुळीत बसावा म्हणून घेते, सूतवाले धागा तुटू नये म्हणून, टाइलवाले झिलईचा गाळ खाली बसू नये म्हणून. पूड फिरत्या पाण्यात चाळणीने भुरभुरायची असते. मला अक्षरे आणि ही रीत आत्यानेच शिकवली, दोन्ही तिच्या चाळणीच्या खोलीत.

२. परत आलेले पिंप मी स्वतः रिकामे केले. तळाशी लिंबाएवढ्या गुठळ्या होत्या. एक कापली. वरून चिकट, आत कोरडी पूड. चाळणीतून लिंबाएवढे काही पडत नाही. विक्री सांभाळणाऱ्या काकांना विचारले.

"घाई होती गं. पोतं उपडं केलं."

"मग आत्याचं नाव का घेतलंत?"

"ती कुठे उलटून बोलते? गिऱ्हाइकाला तोंड मला दाखवावं लागतं."

३. तपासण्या जुळल्या तेव्हा आत्या म्हणाली होती, "ज्या घराला माझ्या हाताचा भरवसा नाही, त्या घरातलं काही मी पोटात घेणार नाही. तुझंसुद्धा नाही, पोरी." तिला हट्टी म्हणणाऱ्यांनी कलम दोन पुन्हा वाचावे.

४. चाळणीची खोली, घुसळणीचे यंत्र आणि सगळ्या चाळण्या आत्याला. तिच्यानंतर ती म्हणेल त्याला.

५. काकांना टेम्पो आणि विहिरी खोदणारी गिऱ्हाइके. ती डिंक खोदाईच्या चिखलात मिसळतात, तिथे एखादी गुठळी खपून जाते. काकांनी मला सायकल शिकवली, हेही इथे नोंदवते. राग म्हणून वाटणी केलेली नाही. थोडा राग आहे.

६. माझे राहते घर आणि बँकेतील शिल्लक आईला. कपडे धाकट्या बहिणीला; निळा स्वेटर ती आधीच वापरते.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे मी जिवंतपणी वाचणार, कारण मी गेल्यावर वाचले तर आत्याला त्याचा उपयोग नाही. चाळणीच्या खोलीत, यंत्र बंद करून, काका आणि सगळ्या कामगारांसमोर, कलम दोन सावकाश. मग तिला एकदाच विचारीन. नाही म्हणाली तरी कलम चार बदलणार नाही.

साक्षीदार: शेजारची शिंपीण (सही करताना म्हणाली, "मला वाटलं लग्नाच्या ब्लाउजचं माप द्यायला बोलावलंस!") आणि कोपऱ्यावरच्या औषध दुकानाचे मालक. दोघांना यातून काहीही मिळत नाही. काकांना मिळते, म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही.

सही: भाची, कारखान्याची मालकीण
ठिकाण: कारखान्याची कचेरी
दिनांक: मंगळवार, ११ जून
वाचनाचा दिवस: शुक्रवार, १४ जून.