आतली खोली

आई,

आधी तुझ्या पाया पडते, मग बातमी सांगते. घर घेतलं. शहराच्या जुन्या भागात, तिसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्या. खाली घड्याळं दुरुस्त करणारा, शेजारी शिंपी. दिवसभर गजबज असते, एकटं वाटत नाही. तुझे गुडघे तीन मजले चढतील ना?

एवढं स्वस्त कसं मिळालं, हे तू विचारणारच. घर विकणाऱ्या आजी आतल्या खोलीत राहतात. त्या आहेत तोवर ती खोली त्यांची, असं करारातच आहे. म्हणून तुला आणायचं लांबलं. रागावू नकोस.

त्यांना दम्याचा त्रास आहे. सकाळी खोकला ऐकू आला की मी चहा टाकते. परवा खोकला आला नाही. मी उठले नाही, आई. त्या खोलीत तुझी खाट खिडकीशी लावावी की भिंतीशी, याचा विचार करत पडून राहिले. मग दार उघडलं. त्याच चहा घेऊन उभ्या होत्या.

काल त्यांनी कपाटातला एक कप्पा रिकामा केला. म्हणाल्या, "आईला जागा नको का? कधी येणार ती?"

मी म्हटलं, घाई नाही. तू दादाकडेच राहा गं अजून.

तुझी धाकटी