सगळ्यांत कमी आकडा

प्रिय हिल्का,

फोनवर हे बोलता आलं नसतं. फोन बैठकीत आहे आणि माझ्या बायकोचे कान सगळ्या घरभर.

आपलं गाव जिंकलं. आसपासच्या गावांत रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवायची चढाओढ लागली होती. शब्दकोश शेजारी ठेवून स्वीडिश मासिकं वाचली ती मी, लोणी आणि तेल यांतला फरक घरोघर समजावला तोही मीच, डॉक्टरांनी नव्हे. बायका वैतागायच्या. ‘तौनो, तुझ्या बापानं लोणी खाऊनच तुला जन्माला घातलं ना रे?’ घातलं, आणि एकेचाळिसाव्या वर्षी छाती धरून गेला.

सगळ्यांत खाली आला आपला धाकटा भाऊ ओइवा. सात पॉइंट नऊवरून तीन पॉइंट सहा! शाळेच्या सभागृहात त्याला उभं करून टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी ओरडलं, ‘गायी विकल्यावर लोणी आणणार कुठून हा!’ सगळे हसले. ओइवाही हसला, म्हणजे दात दिसले.

मग शनिवारी त्याला ओढूनच आमच्या सौनात, वाफेच्या न्हाणीत, आणलं. वरच्या फळीवर बसला तेव्हा त्याच्या बरगड्या दिसल्या. तसाच त्याच्या घरी गेलो. लोणी नव्हतं खरं, पण पाव वाळून दगड झालेला, बटाट्यांना कोंब फुटलेले, मी दिलेल्या तेलाच्या बाटलीचं बूचही शाबूत. पथ्य कसलं, हा जेवतच नव्हता. म्हणाला, ‘गोठ्यात कोणी वाट बघत नाही, तौनो. उठायचं कशाला?’

पुन्हा मासिकं काढली. आकडा फार खाली असलेल्यांत खिन्नता, जीव द्यायचे विचारही, जास्त दिसतात असं काहींना आढळलंय, काहींना नाही. आधी काय आणि मागून काय, यावर त्यांचंच एकमत नाही. वाचून वाचून डोळे शिणले, हिल्का. त्याच्या ताटात काय आहे ते मात्र मी पाहिलं नव्हतं.

त्याची बंदूक मी चाप अडकतोय म्हणून माझ्याकडे आणलीय. चाप अडकत नाही. पुढच्या आठवड्यात एल्क हरणांची शिकार सुरू होईल, तो मागायला येईल, आणि मला खोटं नीट जमत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, ‘तुझ्याबरोबर नको. तू परत आकडाच बघशील.’ तुझ्याबरोबर मात्र जाईल, हिल्का. तापात तो फक्त तुझ्या हातचं खायचा, आठवतं? तुझं इकडे यायचं बोटीचं तिकीट सोबत आहे. तू येईपर्यंत मी त्याच्याकडेच झोपतोय. आमचं छप्पर गळतंय, असं त्याला सांगितलंय.

येताना लोणी आण. चांगलं, खारं.

तुझा भाऊ, वाट बघणारा
तौनो