बुधरीची चढाई

३ नोव्हेंबर, मूल

आले एकदाची! वर्ध्याहून निघताना आई म्हणत होती, मंजुषा, जंगलाच्या तोंडाशी कसली नोकरी. जंगल राहिलं लांब, इथे नुसता धानाचा वास. कापणी जोरात आहे. मुलींच्या कबड्डी संघाचं ऑफिस एका राइस मिलच्या जुन्या गोदामात आहे. मागचं दार उघडलं की समोर मैदान. माझी खोली वरच्या मजल्यावर.

संघाचे सामने आणि सराव कॅसेटींवर, हार्ड डिस्कवर धूळ खात पडलेत. ते सगळे क्लाउडवर चढवायचे, आणि मैदानावरचे नवे कॅमेरेही थेट तिकडेच जोडायचे. प्रशिक्षक बापूरावभाऊ स्वतः चहा घेऊन आले. म्हणाले, "कोंड्यानं सारं खराब होऊन राह्यलं बाई. वाचवा आमच्या पोरींले." चित्रीकरण करणारी प्रेमिलाताई संध्याकाळी डबा घेऊन आली. तलावातल्या झिंग्यांची भाजी आणि भात. पहिल्याच दिवशी बहीण मिळाल्यासारखं वाटलं.

७ नोव्हेंबर

काम मार्गी लागलं. खातं भाऊंनी माझ्याच नावावर उघडायला लावलं, म्हणजे जबाबदारी एकीवर. कोणी काय चढवलं, काय पुसलं, ते नावानिशी दिसतं. प्रेमिलाताईला सगळं शिकवलं, पासवर्डही सांगून ठेवला. ती शिकते चटकन, पण पडद्यासमोर बसत नाही. डोळे दुखतात म्हणते.

दुपारी धानोऱ्याकडच्या एका गावाहून मंगरू नावाचा माणूस आला. त्याची बहीण बुधरी या संघात होती. दोन वर्षांपूर्वी तापानं गेली, असं त्यांना इथून कळवलं होतं. घरी तिचा एक धड फोटो नाही. आईला तिची चढाई बघायची आहे. म्हातारीनं मुलीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. मी शब्द दिला, सापडली की फोनवर घालून देते. तो उभ्याउभ्याच हसला. जाताना सीताफळांची पिशवी टेबलावर ठेवून गेला.

११ नोव्हेंबर

सापडली बुधरी. काय पोरगी होती! मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावायची आणि वाकून शिरायची. दम इतका लांब की समोरच्याच दमून जायच्या.

पण आणखी एक डिस्क निघाली. सरावाची, तिच्या शेवटच्या दिवसाची. बुधरी छाती धरून खाली बसलीय. चौकटीबाहेरून भाऊंचा आवाज येतो, "उठ. नाटकं नोको करू, उद्या फायनल आहे." ती उठते. चढाईला जाते. परत येताना मध्यरेषेवर पडते. रेषेपलीकडे हात टाकते, आणि तो हात तसाच. कोणी जवळ जात नाही. कॅमेरा बंद होत नाही.

कॅमेरा प्रेमिलाताईच्या हातात होता. मी तिला विचारलं. ती खूप रडली. दवाखान्यात न्या म्हणून भाऊंना सांगत होते, म्हणाली. मग माझा हात धरला, "चढव तू हे वर. तिच्या भावाले दाखवू. मी आहे तुह्यासंगं."

चढवलं. मंगरूला निरोपही पाठवला. किती दिवसांनी कोणीतरी आपल्या बाजूनं उभं आहे असं वाटलं.

१३ नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट. यंदाच्या आरमोरीच्या सामन्यात बुधरी उभी आहे. मागच्या रेषेपाशी, सरावाच्या कपड्यांत. खेळणाऱ्या मुली तिच्या बाजूनं जातात, बघत नाहीत. डिस्कवरचा मूळ सामना लावून पाहिला, त्यात ती नाही. फक्त क्लाउडवर आहे.

प्रेमिलाताईला बोलावलं. ती पडद्याकडे वळलीच नाही. एवढंच विचारलं, "कोणाकडं पाहून राह्यली ते?"

कॅमेऱ्याकडे, मी म्हटलं.

ती चहा तसाच टाकून घरी गेली.

१६ नोव्हेंबर

ते चित्रण गेलं. शेवटच्या दिवसाचं. बुधरीच्या चढायांचे जुने सामनेही. नोंद दिसते: पुसणारी व्यक्ती, मंजुषा. पुसलं त्या वेळी मी प्रेमिलाताईच्या घरी जेवत होते. ती मात्र मध्येच उठून आत गेली होती, फोन घेऊन.

धावत डिस्क शोधायला गेले. कपाट रिकामं. भाऊंनी सगळं मिलच्या भट्टीत टाकलं होतं. शांतपणे म्हणाले, "चढलं ना वर सारं? मंग कचरा कायले ठेवता?"

पुसलेलं परत आणता येतं, पण आता खातंच उघडत नाही. पासवर्ड बदललाय. ऑफिसच्या पडद्यावर मला फक्त उरलेले सामने आणि मैदानाचे कॅमेरे बघता येतात.

१७ नोव्हेंबर

मंगरू आला. सोबत आई. नवं लुगडं नेसून आली होती.

भाऊंनी सगळ्यांदेखत सांगितलं, मॅडमच्या हातून पुसल्या गेलं. मी नाही म्हणाले. प्रेमिलाताईकडे बघितलं. ती मान हलवत होती. हो म्हणून.

मंगरू म्हणाला, "तुमी शब्द देल्ला होता बाई."

ते दोघं धानाच्या पोत्यांमधून चालत गेले. मी मागे धावले, पण काय सांगणार होते? नाव तर माझंच आहे.

१८ नोव्हेंबर

बुधरी आता सगळ्या सामन्यांत आहे. मागच्या रेषेपाशी नाही, अर्ध्या मैदानात. वाकलेली. आणि बघते ती कॅमेऱ्याकडे नाही. मी खुर्ची सरकवली की डोळे सरकतात.

मिल बंद झाली की ऐकू येतं. कबड्डी कबड्डी कबड्डी. एकाच दमात. श्वास घ्यायला थांबत नाही.

तिचा दम तुटत नाही.

१९ नोव्हेंबर

प्रेमिलाताईला मैदानावर गाठलं, भर उन्हात. खोटं बोलली नाही. म्हणाली, बुधरी दोन वर्षं तिच्याकडे येत होती. कुठलाही सामना टिपायला घेतला की कॅमेऱ्याच्या पडद्यात दिसायची, दर वेळी आणखी जवळ. म्हणाली, "तिचं तेवढंच राह्यलं होतं, त्या चित्रणात. तेही पुसलं तं ते पुसणाऱ्यालेच धरन ना? म्हून तुह्या नावानं पुसलं." आणि मग, "झोप लागते मले आता."

माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. खरोखरीच्या मायेनं.

२० नोव्हेंबर

बॅग भरली. संघ सावली गावाला सामन्यांसाठी गेलाय, मिल बंद. खाली आले तर पुढच्या दाराला बाहेरून कडी. मागच्याही.

फोन लागत नाही भाऊंना. आईला लागला, पण तिला माझा आवाजच जात नाही. तिला फक्त — ती विचारते, तिकडे कबड्डी चाललीय का गं.

मैदानाचा कॅमेरा चालू आहे. ऊन. कोणी नाही.

आहे.

मध्यरेषेला हात लावला. कपाळाला लावला —

मागच्या दाराशी कोणीतरी आहे. बांगड्या वाजल्या. प्रेमिलाताई! हाका मारल्या, दार बडवलं. ती बोलली. माझ्याशी नाही. "बुधरे, इकडं ये. हे पाह्य, इथी आहे ते, तुले पुसणारी."

कडी काढतेय —

कबड्डी कबड्डी कबड्ड —

बुधरी, मी नाही गं पुसलं. मी तुझ्या आईला दाखवणार होते, मी मंगरूला शब्